जुना लॅपटॉप का तापतो?

नवा लॅपटॉप घेणे सगळ्याच घरांना परवडत नाही. मग एखाद्या कार्यालयाने तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेला लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्याच दुरुस्तीच्या दुकानातून घरी येतो. पहिले काही दिवस तो बरा चालतो. पुढे उन्हाळा सुरू होतो. लॅपटॉपची खालची बाजू मांडीला चटके देऊ लागते, पंखा घरघरतो, टाइप केलेले अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागतो आणि एक दिवस शिष्यवृत्तीचा अर्ज भरता भरता यंत्र आपोआप बंद पडते. घरातली मंडळी म्हणतात, "जुनी वस्तू ती! पैसे पाण्यात गेले."

खरोखरच पैसे पाण्यात गेले का? बहुतेक वेळा नाही. यंत्र शाबूत असते. बिघडलेली असते ती उष्णता बाहेर जाण्याची वाट. ही वाट कोठे अडली आहे, हे शोधून काढायला शाळेत शिकलेला उष्णतेचा धडा पुरेसा आहे.

वीज जाते कोठे?

विजेच्या पंपात विजेचा काही भाग पाणी वर चढवण्याच्या कामी येतो. दिव्यात काही भागाचा प्रकाश होतो. लॅपटॉपमधला प्रोसेसर मात्र आकडेमोड करतो, आणि आकडेमोड म्हणजे काही ऊर्जेचा प्रकार नव्हे. ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. लॅपटॉप तापणे हा दोष नाही. ती उष्णता आत कोंडून राहणे हा दोष आहे.

ही उष्णता असते तरी किती? इंटेल कंपनीचे जे प्रोसेसर २०१७-१८ च्या सुमारास कार्यालयीन लॅपटॉपमध्ये बसवले गेले, त्यांतील अनेकांची नियमित कामाची मर्यादा १५ वॅट आहे. आकडा लहान वाटतो ना? पण ही सारी उष्णता सिलिकॉनच्या सुमारे सव्वा चौरस सेंटिमीटर तुकड्यातून निघते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १२ वॅट झाले. आता १००० वॅटची इस्त्री घ्या. तिच्या तळाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅटच पडतात! नखाएवढा तो तुकडा इस्त्रीपेक्षा दाट उष्णता निर्माण करतो. ती सतत वाहून नेली नाही, तर काही सेकंदांतच त्याचे तापमान धोक्याच्या पातळीला पोहोचेल.

उष्णतेची साखळी

ही उष्णता बाहेर नेणारी साखळी चार कड्यांची असते.

पहिली कडी म्हणजे लेप. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी दाबून बसवलेली असते. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा असते. तांबे हवेपेक्षा सुमारे १५,००० पट चांगले उष्णतावाहक आहे. म्हणजे हवेचा पातळसा थरही उष्णतेला मोठा अडथळा ठरतो. तो काढून टाकण्यासाठी मध्ये उष्णतावाहक लेप लावतात. यालाच दुकानदार थर्मल पेस्ट म्हणतात.

दुसरी कडी आहे उष्णता-नलिका. तांब्याची ही चपटी नळी दोन्ही टोकांना बंद असते. आतली हवा काढून तिच्यात किंचित पाणी ठेवलेले असते. दाब अगदी कमी असल्यामुळे हे पाणी १०० अंशांच्या कितीतरी आधीच उकळते. प्रोसेसरजवळच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते आणि तेथे तिचे पुन्हा पाणी होते. नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने ते परत येते. दिव्याच्या वातीत तेल चढते तसेच. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,३०० ज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणजे १५ वॅट वाहून न्यायला अडीच मिनिटांत एक ग्रॅम पाणी फिरले की काम झाले! अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नलिका तयार केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अंतराळयाने होती.

तिसरी कडी म्हणजे नळीच्या थंड टोकाला जोडलेली पातळ पत्र्यांची जाळी. मोटारसायकलच्या इंजिनावरच्या पत्र्यांप्रमाणे ती हवेला भिडणारे क्षेत्रफळ वाढवते. चौथी कडी म्हणजे पंखा. तो बाहेरची हवा ओढून जाळीतून लोटतो.

कच्ची कडी ओळखा

तीन-चार वर्षांच्या वापराने यांपैकी कोणतीही कडी कच्ची होऊ शकते. जाळीच्या तोंडाशी धूळ आणि कापडाचे तंतू साचून नमदा तयार होतो. लेप वाळून त्याला भेगा पडतात. पंख्याच्या आसाची झीज होते. तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद करतो. अक्षर उशिरा उमटते ते यामुळे. तेव्हा 'यंत्र म्हातारे झाले' असे म्हणण्यापूर्वी पुढील तपासणी करा.

लॅपटॉप टेबलावर ठेवून १५ मिनिटे नेहमीचे काम करा. प्रोसेसरचे तापमान दाखवणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात. त्यावर नजर ठेवा. मग हवा बाहेर पडण्याच्या जागी पातळ कागदाची पट्टी धरा आणि हातानेही हवा अजमावा.

पंखा जोरात ओरडतो, पण पट्टी जेमतेम हलते? मग जाळी धुळीने तुंबली आहे. तापमान चढलेले आहे, तरी पंख्याचा आवाजच नाही? मग पंखा बिघडला आहे. पट्टी चांगली फडफडते, तापमान ९५ अंश आहे, पण बाहेर येणारी हवा गारच लागते? याचा अर्थ उष्णता जाळीपर्यंत पोहोचतच नाही. लेप वाळला असावा, पट्टी सैल झाली असावी किंवा क्वचित नलिका निकामी झाली असावी. आणि हवा भरपूर व चांगली गरम असेल, तर साखळी ठीक आहे. प्रोसेसरवर कामाचाच भार जास्त आहे. अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्रॅम विनाकारण चालतो आहे ते पाहा.

उपाय

धूळ काढताना लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. पंख्याचे पाते काडीने अडवून ठेवा आणि मऊ ब्रशने व हवेच्या फवाऱ्याने जाळी साफ करा. पाते अडवले नाही, तर फवाऱ्याने ते भलत्याच वेगाने फिरून पंखा खराब होतो. मागचे झाकण उघडावे लागणार असेल, तर जाणत्या माणसाला सोबत घ्या. बॅटरीची जोडणी आधी सोडवा आणि अंगावरची स्थितिक वीज जाण्यासाठी नळासारख्या धातूच्या वस्तूला हात लावा. लेप बदलायचा असल्यास जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवा लेप तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढाच लावा. जाड थर दिला तर तोच अडथळा होतो, कारण लेप हवेपेक्षा बरा असला, तरी तांब्याच्या तुलनेत फारच कमी वाहक आहे.

लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवू नका. हवेची खालची छिद्रे बुजतात. मागच्या दोन कोपऱ्यांखाली लाकडी ठोकळे ठेवले तरी फरक पडतो. ओले फडके किंवा बर्फ मात्र कधीही लावू नका.

उन्हाळ्यात त्रास का वाढतो, तेही पाहू. वस्तू व हवा यांच्या तापमानांत जितका फरक, तितकी उष्णता बाहेर जाते. प्रोसेसर ९५ अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल, तर फरक ७० अंशांचा. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली खोली ४३ अंशांवर गेली, की तो ५२ अंशच उरतो. म्हणजे थंड होण्याची क्षमता पाव हिश्शाने घटली! मोठी कामे पहाटे उरकावीत ती यासाठीच.

एक सूचना मात्र काटेकोरपणे पाळा. लॅपटॉपचा तळ फुगलेला दिसला किंवा टचपॅड वर उचललेले आढळले, तर हा प्रश्न धुळीचा नाही. लिथियम-आयन बॅटरी आत वायू साचून फुगली असण्याची शक्यता आहे. यंत्र ताबडतोब बंद करा, चार्जिंग थांबवा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका आणि जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. तिला आग लागू शकते.

सफाईपूर्वी आणि सफाईनंतर दर मिनिटाला प्रोसेसरचे तापमान टिपून एकाच कागदावर दोन आलेख काढा. खोलीचे तापमानही बाजूला लिहा. दोन रेषांमध्ये अंतर दिसले नाही, तर कच्ची कडी दुसरीच आहे असे समजा आणि तपासणी पुन्हा सुरू करा. दुकानात जावे लागलेच, तर हा कागद सोबत न्या. काय बदलायचे आणि काय नाही, हे तुम्हाला आधीच माहीत असेल.