वाफेची विहीर आणि तिचा खर्च



विहीर खणायला काढलेल्या शेतकऱ्याच्या जिवाची घालमेल तुम्हांला मी काय सांगावी? पाणाड्या जागा दाखवतो, कर्ज काढून काम सुरू होते आणि मग दहा हात, वीस हात, तीस हात खाली जायचे. पाणी लागले तर घर उभे राहते. विहीर कोरडी गेली तर मागे खड्डा आणि कर्ज एवढेच उरते. आज मी जिची हकीकत सांगणार आहे, ती विहीर पाण्याची नाही, वाफेची आहे. ती पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात आहे आणि सुमारे तीन किलोमीटर खोल आहे.

या भागात जमिनीचे कवच ताणले जाऊन एक लांबलचक खचदरी तयार झाली आहे. तिच्या तळाशी कवच पातळ असल्यामुळे पोटातला तप्त शिलारस बराच वर आला आहे. राजधानी नैरोबीच्या वायव्येला नैवाशा नावाचे सरोवर आहे. त्याच्या जवळच्या भागाला ओल्कारिया म्हणतात. तेथे जमिनीत मुरलेले पाणी खोलवर ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापते. छिद्र पाडले की वाफ आणि कढत पाणी जोराने वर येते. दोन्ही वेगळी करतात. वाफेवर चक्र फिरते, चक्रावर जनित्र फिरते आणि वीज तयार होते. उरलेले पाणी पुन्हा जमिनीत सोडतात, म्हणजे झरा आटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कोळसा नको, तेल नको, मग ही वीज फुकटच की! नाही मंडळी, मेख इथेच आहे. कोळशाच्या केंद्रात कोळसा लागेल तसा विकत घेतात. खर्च वर्षानुवर्षे विभागला जातो. वाफेच्या बाबतीत जवळजवळ सगळा पैसा आधी ओतावा लागतो. एकेका विहिरीला लाखो डॉलर लागतात आणि पुरेशी वाफ लागेल की नाही हे खणल्याशिवाय कळत नाही. आपला सावकार कोरड्या जमिनीवर पैसे देत नाही, तशीच बँकही वाफ दिसल्याशिवाय हात सैल सोडत नाही.

ओल्कारियाला पहिली छिद्रे १९५६ साली पाडायला घेतली. उपयोगी पडेल इतकी वाफ मिळाली नाही आणि काम थांबले. १९७० नंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने पुन्हा शोध झाला. १९८१ साली १५ मेगावॉटचे पहिले यंत्र फिरले आणि १९८५ पर्यंत तीन यंत्रे मिळून ४५ मेगावॉट झाले. एक मेगावॉट म्हणजे शंभर वॉटचे दहा हजार दिवे. पहिल्या छिद्रापासून पहिल्या दिव्यापर्यंत पंचवीस वर्षे गेली, बरं का! एवढी वाट पाहणे खाजगी भांडवलाला परवडत नाही.

मग ही जोखीम कोणी पत्करली? सरकारी कंपनीने. केनजेन ही केनियाची वीजनिर्मिती कंपनी. तिचे मूळ १९५४ सालच्या कंपनीत आहे. २००६ साली सरकारने तिचे ३० टक्के भाग लोकांना विकले आणि ७० टक्के आपल्याकडे ठेवले. २००९ मध्ये कंपनीने कर्जरोखे काढून देशातल्याच लोकांकडून व संस्थांकडून पैसा उभा केला. मोठ्या केंद्रांसाठी जागतिक बँक, युरोपीय गुंतवणूक बँक आणि जपान, जर्मनी, फ्रान्स यांच्या वित्तसंस्थांनी लांब मुदतीची कर्जे दिली. २०१४ साली एकदम २८० मेगावॉटची भर पडली. विहीर लागली, पण मोठे केंद्र बांधायला वेळ आहे, अशा वेळी विहिरीच्या तोंडावरच लहान यंत्र बसवून वीज विकण्याची युक्तीही कंपनीने केली. पैसा अडकून पडला नाही.

केवळ शोध आणि खोदाई यांची जोखीम उचलण्यासाठी सरकारने २००८ साली आणखी एक कंपनी काढली. तिने मेनेंगाई येथे विहिरी खणल्या. ती वाफ विकते आणि खाजगी कंपन्या तिच्यावर केंद्रे चालवतात. त्यांतले पहिले, ३५ मेगावॉटचे, २०२३ साली सुरू झाले. म्हणजे विहीर सरकारची, मोट दुसऱ्याची!

या धडपडीमागे कारण होते. केनियाची वीज मुख्यतः नद्यांवरील धरणांतून येई. २००० सालच्या दुष्काळात धरणे खाली गेली आणि विजेचे रेशन करावे लागले. वाफेला पावसाची वाट पाहावी लागत नाही. आज त्या देशाच्या विजेचा सुमारे चाळीस टक्के वाटा भूगर्भातून येतो.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कर्ज फिटते ते ग्राहकाच्या विजेच्या बिलातून. सरकारी कंपनीची विहीर कोरडी गेली तर तिचा भारही अखेर जनतेवरच पडतो. शिवाय ती जमीन ओसाड नव्हती. तेथे मसाई लोक गुरे चारीत होते. २०१४ साली त्यांच्यातील काही वस्त्या नव्या जागी हलवल्या. जागा, रस्ते, जमिनीची कागदपत्रे यांबद्दल लोकांनी कर्ज देणाऱ्या बँकांकडे तक्रारी नेल्या. चौकशी झाली, मध्यस्थी झाली आणि २०१६ साली करार झाला. हे बोलणे आधीच नीट झाले असते तर? धरणासाठी ज्यांचे गाव उठले आहे, त्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको.

आपल्याकडेही वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, राजापूर येथे उन्हाळी आहेत. पण कोकणात ताजा शिलारस जवळ नाही. त्या पाण्याची ऊब ओल्कारियाच्या मानाने पुष्कळ कमी. भारतात अधिक आशा आहे ती लडाखमधील पुगा खोऱ्यात. तेथे एक मेगावॉटचा पहिला प्रयोग करण्यासाठी ओएनजीसी या सरकारी कंपनीने २०२१ साली करार केला. पहिली पावले इथेही सरकारी कंपनीनेच टाकली.

गुरुजींनी वर्गात हा धडा घेताना उष्णतेबरोबर हिशेबही शिकवावा. पहिली कुदळ कोणी मारायची, कोरड्या विहिरीचा तोटा कोणी सोसायचा आणि ज्याची जमीन गेली त्याच्या घरी दिवा लागला की नाही, हे तीन प्रश्न मुलांना जरूर विचारावेत.