जालन्याच्या लॉजमधला निसर्ग

जुन्या हॉटेलाचे नूतनीकरण म्हटले की हल्ली मालकाच्या तोंडी ‘नेचर थीम’ हा शब्द हमखास येतो. बियाणे, लोखंडी सळ्या आणि मोसंबी यांच्या व्यवहारासाठी जिथे व्यापाऱ्यांची सतत ये-जा, त्या जालन्यातही ही लाट पोचली आहे. तिथल्या एका जुन्या लॉजचे मालक माझ्या परिचयाचे. बँकेतून निवृत्त होऊन वर्षे झाली, तरी कर्जाचे कागद दाखवायला लोक अजून माझ्याकडे येतात. (कादंबरीबद्दल बोलायला येत नाहीत, हे आपले जाता जाता.)

‘अंतर्गत सजावट’ हे पान वाचले. स्वागतकक्षात प्लॅस्टिकच्या वेली, जिन्यावर कृत्रिम हिरवळ, खोल्यांत आल्प्सचे वॉलपेपर आणि मधला चौक वरून झाकून त्यात विजेवर चालणारा धबधबा. भिंतीतले उंचावरचे झरोके मात्र एसीपायी फॉल्स सीलिंगच्या आड जाणार. म्हणजे खरा वारा-उजेड घालवायचा आणि त्यांची चित्रे विकत आणायची!

निसर्गाच्या सहवासाने माणसाला बरे वाटते, हे खोटे नाही. १९८४ साली रॉजर उलरिख यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले होते. पण ती झाडे खरी होती.

आणि आपल्या मराठवाड्याला ही कल्पना नवी का आहे? अजिंठ्याचे दुसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे भिक्खूंचा विहार, राहण्याचीच जागा. त्याच्या छतावर फुले, वेली, पक्षी आहेत. पण बाहेर पाऊल टाकले की समोर वाघूरची दरीही आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत. वर पाणी, खाली गारवा.

जालन्यात पाण्याचा विचार आधी करावा लागतो. २०१२-१३च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने तोडली. गाव टँकरकडे डोळे लावून बसले होते. अशा गावात शोभेचा धबधबा? ‘काका, पाणी तेच ते फिरतं,’ मालकांचा मुलगा म्हणाला. एप्रिलच्या उन्हाळ्यात त्यातले रोज किती उडून जाईल, ही रक्कम अहवालात कुठेच नव्हती.

मी म्हटले, चौक उघडा ठेवा. झरोक्यांना जाळी बसवा, पहाटे गार हवा आत येऊ द्या. भिंतींवरचा ऑइलपेंट खरवडून पुन्हा चुना लावा. ऑइलपेंटखाली ओल कोंडते आणि पोपडे धरतात. हात धुण्याचे पाणी चौकातल्या कडुनिंबाला सोडा. मे महिन्यासाठी काही खोल्यांत एसी हवाच, तिथे हट्ट नको.

वडिलांना पटले. मुलाचे म्हणणे, आजच्या गिऱ्हाइकाला फोटो काढायला एखादी भिंत लागतेच. तेही अगदीच चूक नाही. बऱ्याच चहानंतर धबधबा रद्द झाला, एक भिंत राहिली. तिच्यावर आल्प्सऐवजी मोसंबीची बाग काढायची ठरली आहे. रंगारी गावातलाच आहे. त्याने विचारले, फळे हिरवी काढू की पिवळी? त्यावर बापलेकांचे अजून एकमत झालेले नाही.