आठ बाय चारच्या दोन भिंती

अमेरिकेत मोटारीच्या मागे जोडून न्यायच्या एका बुटक्या गाडीला ‘टिअरड्रॉप’ म्हणतात. पुढून गोल, मागे उतरती. आत दोघांपुरती गादी आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. १९३०च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, हौशी लोक ती घरीच बांधू लागले. युद्धानंतर १९४७मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने तिचा आराखडाच छापला. चाकं आणि सांगाडा तयार मिळतात. बांधणाऱ्याचा कस लागतो तो भिंतींत.

या गाडीची उंची-लांबी ठरवली प्लायवुडच्या शीटने. आपल्याकडेही दुकानात मिळते तीच आठ बाय चारची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरची शीट. एका शीटची एक भिंत. आधी पातळ हार्डबोर्डवर खिळे मारून त्यांना लवचीक लाकडी पट्टी टेकवायची आणि पट्टी जशी वाकेल तशी पेन्सिल फिरवायची. हाताने काढलेल्या वळणात कुठेतरी कुबड राहतंच. पट्टी ते राहू देत नाही. पण वळणाची हौस फार नको. त्यावर छताचा प्लाय वाकवायचा असतो. ३ मिलिमीटरचा सहज वाकतो, जाड घेतला की तडकतो. या फर्म्यावरून दोन्ही भिंती एकदम, क्लॅम्पने जखडून कापायच्या, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी येते.

भिंत कशी करायची, यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, सरळ १८ मिलिमीटरचा प्लाय उभा करा. काम झटपट, पण एकेक शीट तीसेक किलोंची. दुसरा तट त्याच प्लायमध्ये मोठे चौकोन कापून नुसता सांगाडा ठेवतो, पोकळीत फोम भरतो आणि दोन्ही अंगांना पातळ प्लाय चिकटवतो. मी या दुसऱ्या तटातला. वजन उतरतं, थंडीत भिंत आतून कमी पाझरते (बंद डबीत दोन माणसांचा श्वास रात्रभर कुठे जाणार?) आणि दिव्यांच्या तारा पोकळीतून नेता येतात. मात्र आतला प्लाय चिकटवण्याआधी दिवे, स्विच, कपाटं कुठे येणार हे पक्कं हवं, कारण नंतर स्क्रूला धरायला मागे फक्त फोम उरतो.

एवढं करूनही भिंत कुजते ती खालून. रस्त्यावरचं पाणी चाकांनी उडतं आणि प्लायच्या उघड्या कडेत स्पंजसारखं शिरतं. म्हणून भिंत जमिनीच्या फळीला बाहेरून लावताना खालच्या कडेला इपॉक्सी पिईल तितकं पाजायचं. स्क्रूच्या भोकांनाही तेच. वरून ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला तरी ही मेहनत वाचत नाही. उलट पत्र्याला स्वतःची खोड आहे: तापमान ४० अंशांनी वाढलं की ८ फुटांचा पत्रा दोनेक मिलिमीटर लांबतो. सगळीकडून घट्ट चिकटवला तर तो फुगे धरतो. म्हणून बरेच जण तो मोकळा ठेवतात. कडांना ब्युटाइलची चिकट पट्टी आणि वरून मोल्डिंग एवढ्यावर तो धरला जातो.

दार भिंतीतूनच निघतं. कोपरे गोल ठेवून कापायचं. काटकोनातून तडा लवकर जातो. कापलेला तुकडा म्हणजेच दार, आणि करवतीने खाल्लेली फट रबरी पट्टीने भरायची. बिजागऱ्या पुढच्या अंगाला, म्हणजे धावत्या गाडीत कडी निसटली तर वारा दार मिटवतो. आणि ते उघडायचं बाहेरच. आत जागा आहे कुठे, गादी दोन्ही भिंतींना टेकलेली असते.