कार्ल्याची एकवीरा : आख्यायिका, इतिहास आणि डोंगरावरची वाट

चैत्र महिना लागला की मुंबईतील वरळी, माहीम, शिवडी, माझगाव, कुलाबा येथील कोळीवाड्यांत आणि गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील अनेक कुटुंबांत एकवीरेच्या यात्रेची तयारी सुरू होते. चैत्र शुद्ध सप्तमीला देवीची पालखी निघते. त्या सोहळ्यासाठी, तसेच आश्विनातील नवरात्रासाठी, हजारो भाविक मुंबईहून सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या कार्ल्याच्या डोंगराकडे जातात. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आदी समाजांतील असंख्य घराण्यांची ही कुलदेवता होय. ज्यांचे जीवन समुद्रावर अवलंबून, त्यांचे दैवत मात्र सह्याद्रीच्या कुशीत, हा योग प्रथमदर्शनी विलक्षण वाटतो. त्याचा उलगडा होण्यासाठी आख्यायिका, इतिहास आणि भूगोल या तिहींचा एकत्र विचार करावा लागतो.

आख्यायिका

एकवीरा ही रेणुकेचेच रूप मानली जाते. जमदग्नी ऋषींच्या आज्ञेवरून परशुरामाने आपल्या मातेचा शिरच्छेद केला आणि पिता प्रसन्न होताच तिला पुन्हा जिवंत करण्याचा वर मागून घेतला, ही कथा महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. परशुरामासारख्या अद्वितीय वीराची माता म्हणून ती एकवीरा, असा नावाचा अर्थ सांगितला जातो. माहूरची रेणुका आणि कार्ल्याची एकवीरा यांच्यातील नाते या कथेने जोडले गेले आहे.

दुसरी कथा पांडवांची आहे. वनवासात फिरत असताना पांडव या डोंगरावर आले. देवीने त्यांना दर्शन दिले आणि एका रात्रीत आपले मंदिर उभारण्यास सांगितले. पांडवांनी सूर्योदयापूर्वी ते काम पुरे केले. तेव्हा अज्ञातवासात त्यांना कोणीही ओळखणार नाही, असा वर देवीने दिला. महाराष्ट्रातील अनेक लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. मानवी हातांनी एवढे प्रचंड काम होणे शक्य नाही, असे ज्यांना वाटले, त्यांनी आपले आश्चर्य या कथेच्या रूपाने व्यक्त केले.

शिलालेखांची साक्ष

मंदिराला लागूनच कार्ल्याचे सुप्रसिद्ध बौद्ध चैत्यगृह आहे. समोर उभे राहिले असता डावीकडे सिंहस्तंभ आणि उजवीकडे देवीचे मंदिर दिसते. भारतातील शैलकृत चैत्यगृहांत हे सर्वांत मोठे असून त्याची लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी ४५ फूट आणि उंची ४६ फूट आहे. छताच्या कमानीतील प्राचीन लाकडी फासळ्या आजही टिकून आहेत. पायथ्याच्या वेहेरगावाचे नावही 'विहार' या शब्दाची आठवण करून देते.

हे काम एका रात्रीत झालेले नाही, हे येथील शिलालेख सांगतात. वैजयंती, म्हणजे आजची कर्नाटकातील बनवासी, येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेल्याचा लेख आहे. सिंहस्तंभ हे महारथी अग्निमित्रणकाचे दान आहे. धेनुकाकट येथील सिंहदत्त हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आणि स्वामी नावाचा सुतार यांची नावे द्वाराच्या कामाशी जोडलेली आहेत. खांबांच्या दात्यांत यवन आहेत, तसेच सोपाऱ्याचे रहिवासीही आहेत. म्हणजेच समुद्रकाठचे आणि दूरदेशीचे लोक दोन हजार वर्षांपूर्वीही या डोंगरावर श्रद्धेने येत होते.

शासनयंत्रणेत काम करणाऱ्यांना विशेष रस वाटावा, असाही एक लेख येथे आहे. वलूरक, म्हणजे कार्ले, येथील भिक्षूंसाठी करजिक गाव दिल्याची नोंद क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात आहे. पुढे सातवाहनांची सत्ता आल्यावर या दानासंबंधीची राजाज्ञा मामाल येथील अधिकाऱ्यास उद्देशून काढण्यात आली. हे मामाल म्हणजेच आजचे मावळ. राज्य बदलले, तरी डोंगरावरील पवित्र स्थानाची व्यवस्था पाहणे हे स्थानिक अधिकाऱ्याचे कर्तव्य मानले गेले होते.

घाटवाट आणि देवी

कोकणातील बंदरांतून देशावर जाणाऱ्या व्यापाराचा एक प्रमुख मार्ग बोरघाटातून जात असे. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी या मार्गाच्या परिसरातच आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मातृदेवतांची ठाणी, जुन्या वाटा आणि लेणी यांच्या परस्परसंबंधाचा मूलगामी विचार मांडला आहे. त्या दृष्टीने पाहिले असता सागरकाठच्या माणसांची देवी घाटमाथ्यावर असणे अस्वाभाविक वाटत नाही. समुद्र आणि देश यांना जोडणाऱ्या वाटेवरच ती वसली आहे.

वाटेचे स्वरूप मात्र काळानुसार पालटले. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ साली घाटातील लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईच्या भाविकांचा प्रवास काही तासांवर आला. मळवली हे येथील जवळचे रेल्वे स्थानक होय. २००२ पासून द्रुतगती मार्गामुळे सकाळी परळहून निघालेले कुटुंब दर्शन घेऊन सायंकाळी घरी परतू शकते. परंतु प्रवासाचा वेग कितीही वाढला, तरी शेवटचा टप्पा पूर्वीइतकाच अरुंद राहिला आहे. पायथ्यापासून पाचशेच्या आसपास पायऱ्या चढून भाविक ज्या जागेवर पोहोचतो, ती डोंगराच्या कड्यात कोरून काढलेली मर्यादित जागा आहे.

शिखरावर नव्हे, पायथ्याशी

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. कार्ल्याची लेणी हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या सुधारित कायद्यानुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरच्या क्षेत्रात परवानगीवाचून बांधकाम करता येत नाही. म्हणून गर्दी वाढली की डोंगरावरील जागा वाढवावी, हा मार्ग येथे उपलब्ध नाही, आणि लेण्याचे मोल लक्षात घेता तो असूही नये. गर्दीचे नियोजन पायथ्याशीच झाले पाहिजे.

त्यात कसूर झाली तर काय घडते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात मांढरदेवीच्या काळुबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळजवळ ३०० भाविक मृत्युमुखी पडले. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दोन्ही बाजूंची दुकाने, त्यांत भडकलेली आग आणि मागून सतत येणारा लोंढा यांमुळे अनर्थ वाढत गेला. शासनाने या घटनेच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला. २०१४ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या नियोजनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

या अनुभवातून निघणारी सूत्रे साधी आहेत. वर एका वेळी किती माणसे सुरक्षितपणे उभी राहू शकतात, हे आधी ठरवावे आणि तेवढ्याच भाविकांना पायथ्यावरून टप्प्याटप्प्याने सोडावे. चढणाऱ्यांची व उतरणाऱ्यांची रांग वेगळी ठेवावी. पायऱ्यांवर दुकाने मांडू देऊ नयेत. नारळ फोडण्याची जागा वाटेपासून दूर असावी. पिण्याचे पाणी, प्रथमोपचार आणि ध्वनिक्षेपक यांची सोय टप्प्याटप्प्यावर असावी. वर गर्दी झाली की खालची रांग थांबविण्याचा अधिकार कोणा एका अधिकाऱ्याकडे निःसंदिग्धपणे सोपविलेला असावा. यांपैकी बहुतेक गोष्टींना मोठा खर्च लागत नाही; ग्रामपंचायत, देवस्थान, पोलीस आणि पुरातत्त्व विभाग यांचा यात्रेपूर्वीचा मेळ मात्र लागतो. यात्रेला निघणाऱ्या मुंबईतील मंडळांनी आपल्या गाड्यांची व माणसांची संख्या आधी कळविली, तर हे काम आणखी सुकर होईल.

शिक्षकांनाही येथे मोठे कार्य आहे. सहलीला आलेल्या मुलांना पांडवांची कथा अवश्य सांगावी. पण त्याबरोबरच लेण्याच्या द्वाराशी नाव असलेल्या सुताराचीही ओळख करून द्यावी. कथेतून त्यांना लोकांची श्रद्धा कळेल आणि लेखातून लोकांचे श्रम कळतील. दोन्हींचा आदर करणारा विद्यार्थी उद्या लेण्याच्या भिंतीवर आपले नाव कोरणार नाही.

आख्यायिकेतील मंदिर एका रात्रीत उभे राहिले. यात्रा सुरक्षित करण्याचे काम मात्र एका रात्रीत होणारे नाही. त्यासाठी दरवर्षी, यात्रेच्या कितीतरी आधी, शांतपणे बसून विचार करावा लागतो. वरळीहून वा लालबागहून निघालेली आजी नातवाचा हात धरून पायऱ्या चढते आणि दर्शन घेऊन सुखरूप खाली उतरते, तेव्हाच तिची यात्रा खऱ्या अर्थाने सफल झाली, असे म्हणता येईल.