मुक्काम नीट, तर सहल नीट
(मालवण किनाऱ्यावरील सभासद सहलींचा अनुभव)

— ऊस विकास अधिकारी



गळीत हंगाम संपत आला, शेवटच्या खेपा काट्यावर येऊ लागल्या, की गटागटांतून एकच विचारणा सुरू होते. "साहेब, औंदा सहल कुठं?" यंदा बऱ्याच गटांनी मालवणचे नाव काढले आहे. म्हणून दोन शब्द लिहावेत असे वाटले.

मालवणची सहल आम्ही दोन वेळा नेली. पहिली फसली, दुसरी साधली. दोन्ही वेळी समुद्र तोच, किल्ला तोच आणि माणसेही बरीचशी तीच. फरक पडला तो रात्री पाठ टेकायच्या जागेमुळे. सहल ठरवताना आपण काय काय बघायचे याची यादी करतो. राहायचे कुठे, हे मात्र "बघू तिथं गेल्यावर" म्हणून सोडून देतो. सगळी गडबड तिथेच होते.

पहिल्या सहलीची चूक

त्या वेळी आम्ही चार रात्रींत चार गावे धरली होती. कणकवली, देवगड, मालवण आणि सावंतवाडी. कागदावर कार्यक्रम मोठा देखणा दिसत होता. प्रत्यक्षात काय झाले? रोज सकाळी वळकटी बांधा, पिशव्या मोजा, 44 माणसे गोळा करा, यातच नऊ वाजायचे. कुणाचा चष्मा राहिला, कुणाची औषधाची पुडी राहिली, म्हणून गाडी माघारी. एका लॉजवर तर रात्री दहाला पोचलो. खोल्या तिसऱ्या मजल्यावर आणि पाणी तळमजल्यावर. गुडघेदुखीच्या बायामाणसांनी रात्रभर काय सोसले असेल ते त्यांनाच ठाऊक. त्या लॉजला बोल लावण्यात अर्थ नाही. न बघता जागा ठरवली आम्ही, तेव्हा दोष आमचाच.

मालवणच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची होडी सुटून गेली होती. किल्ला लांबूनच पाहिला आणि अंधार पडला म्हणून गाडीत बसलो. चौथ्या दिवशी गाडी फोंडाघाट चढत असताना मागच्या बाकावरच्या एक वयस्कर सभासद आक्का म्हणाल्या, "साहेब, दर्या दावतो म्हणालासा. दर्या नुसता पळताना दिसला. पाय कवा बुडवायचं?"

साऱ्या गाडीत हशा पिकला. आम्ही मात्र हसलो नाही. आक्कांचे सत्तरी ओलांडलेले वय. मालक गेल्यापासून दीड एकर ऊस एकटीने सांभाळलेला. गाव सोडून पंढरपूरखेरीज कुठे गेलेल्या नाहीत. सभासद सहलीत पहिल्यांदाच नाव दिले आणि आम्ही त्यांना खिडकीतून समुद्र दाखवून परत आणले.

तळ दोनच ठेवावेत

दुसऱ्या वेळी पहिला नियम हा केला की चार रात्रींसाठी तळ दोनच. तीन रात्री मालवणच्या बाजूला, एक रात्र वेंगुर्ल्याला. सामान एकदाच उतरवायचे आणि हातात पाण्याची बाटली घेऊन हिंडायचे.

बैठकीत यावर वाद झाला. तरुण मंडळींना गोवा हवा होता. काहींना विजयदुर्ग, कुणकेश्वर आणि देवगडच्या हापूसच्या बागा सोडवेनात. ठिकाणे सगळीच चांगली. पण देवगड मालवणच्या उत्तरेला, वेंगुर्ले दक्षिणेला. दोन्ही टोके धरली तर मधला वेळ रस्त्यातच जातो. शेवटी ठरले की देवगड-विजयदुर्गची वेगळी सहल करायची आणि तिचा तळ देवगडलाच ठेवायचा. एका पाण्यात सगळे शिवार भिजत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

हंगामाचेही भान ठेवावे लागते. कोकणात हवा सर्वांत छान ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमकी तेव्हाच आपली तोड जोरात. म्हणून आपल्याला मार्च बरा. मात्र खोडव्याचे बुडखे छाटून, पाचट सरीत दाबून, खताचा हप्ता आणि पाणी देऊनच घर सोडावे. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीलाही बंदी असते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख मात्र आधी विचारून घ्यावी. ती पंचांगावर ठरत नाही, दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवसांत आसपास खोली मिळणे कठीण.

उतरावे कुठे?

मालवणला उतरायच्या जागा तीन प्रकारच्या. पहिली म्हणजे शहरातले लॉज. बाजार जवळ, धक्का जवळ, मोठी गाडी दारात. पण समुद्र मात्र चालत जाऊन बघायचा, आणि रात्री आवाज. दुसरी, तारकर्लीचे पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान. जागा किनाऱ्यालाच, पण 44 माणसांना एकदम खोल्या हव्या तर फार आधी नोंदणी करावी लागते. तिसरी, तारकर्ली-देवबागची घरगुती निवासस्थाने. माडाच्या बागेत घर, चार-पाच खोल्या, घरच्याच बाईच्या हातचे जेवण.

आम्ही तिसरी पसंत केली. शेजारशेजारची तीन घरे घेतली. एका घरात बायका, एकात वयस्कर जोडपी, एकात तरुण मंडळी. अंगण एकच असल्यामुळे जेवणाला सगळी पंगत एकत्र. गैरसोय एवढीच की देवबागचा रस्ता अरुंद. एका बाजूला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वस्तीची चिंचोळी पट्टी. मोठी गाडी वळत नाही. म्हणून आम्ही मोठ्या गाडीऐवजी दोन लहान गाड्या केल्या.

सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून अशी घरे वाढत गेली. महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदलेलीही पुष्कळ आहेत. ही रीत परदेशातही आहे. आयर्लंड देशात शेतकऱ्यांच्या घरी खोली आणि सकाळची भरपेट न्याहारी मिळते, घरची बाईच सारे पाहते. त्या देशात साखर बीटपासून करीत. 2006 साली मॅलो गावचा शेवटचा साखर कारखाना बंद झाला आणि बीट पिकवणाऱ्यांचे हक्काचे पीक गेले. कारखाना असणे म्हणजे काय, हे अशा वेळी कळते. आणि शेतीला दुसरा हात असावा, हेही कळते. माडाच्या बागेतली ती चार खोल्यांची घरे पाहून आपल्या बायामाणसांत त्यावर बरीच चर्चा झाली. आपल्या राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

जागा पारखावी कशी?

न पाहता आम्ही कुणाच्या उसाची नोंद घेत नाही. आधी प्लॉट बघतो, मग वही उघडतो. मुक्कामाच्या जागेलाही तोच नियम लावावा. मोबाईलवरच्या फोटोत सगळ्याच खोल्या मोठ्या दिसतात. दुसऱ्या सहलीआधी आम्ही, एक संचालक आणि महिला गटाच्या एक बाई असे तिघे जाऊन जागा पाहून आलो. बाईंना नेले हे फार बरे झाले. आम्ही पुरुष मंडळी गॅलरीतून समुद्र बघत बसलो आणि त्यांनी आठ गोष्टी तपासल्या.

1) संडास किती, पाश्चात्त्य पद्धतीचा निदान एक आहे का, आतून कडी लागते का.
2) पाणी विहिरीचे की टाकीचे, प्यायचे पाणी गोडे आहे का. दोन घोट पिऊन पाहावे.
3) तळमजल्यावर खोल्या किती. गुडघेदुखीची माणसे मोजून तेवढ्या राखून ठेवाव्यात.
4) लाईट गेली तर काय सोय.
5) रात्री अंगणात उजेड आहे का. माडाच्या बागेत किरडू असते.
6) गाडी दारापर्यंत येते की सामान डोक्यावर आणायचे.
7) जवळचा दवाखाना किती लांब.
8) दर माणशी की खोलीवर, त्यात चहा-न्याहारी धरली आहे का. हे कागदावर लिहून घ्यावे आणि विसाराची पावती घ्यावी.

जेवणाचा प्रश्न

आपल्या मंडळींत निम्मे मासळीला आसुसलेले, तर निम्मे माळकरी. पहिल्या सहलीत माळकऱ्यांनी चार दिवस केळी आणि बिस्किटे खाऊन काढले. या वेळी घर ठरवतानाच सांगितले की एका घरात चूल पूर्ण शाकाहारी हवी. घरमालकीण वहिनींनी चटकन कबूल केले. काळ्या वाटाण्याचे सांबारे, ओल्या काजूची उसळ, घावणे, नारळाच्या रसातले शिरवाळे आणि सोलकढी. माळकऱ्यांची पंगत बघून मासे खाणारेच तिकडे वाटी घेऊन जाऊ लागले. ज्वारीची भाकरी मात्र तिकडे सहसा मिळत नाही, तांदळाची मिळते. ज्यांचा खर्ड्यावाचून घास उतरत नाही त्यांनी डबा बरोबर न्यावा.

तळावरून काय पाहिले?

एक सकाळ पूर्ण किल्ल्याला दिली. शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर या सिंधुदुर्गाचा पाया 25 नोव्हेंबर 1664 रोजी घातला. सुमारे 48 एकरांचा विस्तार, चहूकडे खारे पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. साखरबावीचे नाव ऐकताच आपली मंडळी काठावर गोळा झाली. "उतारा किती?" असे कुणीतरी विचारलेच. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत.

दुसऱ्या दिवशी धामापूरचा तलाव पाहिला. मातीचा बांध घालून 1530 साली बांधलेला. जागतिक सिंचन संघटनेने 2020 मध्ये त्याला वारसा सिंचन वास्तूचा दर्जा दिला. इतक्या वर्षांनीही पाणी स्वच्छ. आपले कालवे-चाऱ्या आठवून सभासद बराच वेळ गप्प उभे होते. वाटेत कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पाहिली.

चौथा मुक्काम वेंगुर्ल्याचा. तो धरला प्रादेशिक फळ संशोधन केंद्रासाठी. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या काजूच्या जाती इथल्याच. एकेका झाडापासून निवड आणि संकर करीत जात कशी घडवतात हे पाहिल्यावर, "बेणं बदला" म्हणून आम्ही का मागे लागतो, हे अनेकांना पटले. परतीला सावंतवाडी करून आंबोली घाटाने वर आलो. आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम पाहिला. पुढे हिच्याच पाण्यावर आजरा-गडहिंग्लजचा ऊस उभा राहतो.

समुद्राची शिस्त

एक कडक सूचना. आपली पोरे नदी-विहिरीत पोहणारी. समुद्र वेगळा. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ बोट उलटून पर्यटकांचे प्राण गेले आहेत. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाऊल टाकू नये, आणि स्थानिक माणूस "नको" म्हणाला की नको.

आक्कांचा समुद्र

दुसऱ्या सहलीला आक्का यायला तयार नव्हत्या. "पळता दर्या बघितलाय की," म्हणाल्या. सुनेने आग्रह करून पाठवले. देवबागला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. गाडीतून उतरताच आक्का गडबडीने पाण्याकडे निघाल्या. घरमालकीण वहिनींनी हात धरून त्यांना ओसरीवर बसवले, पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, हंय बसा. चाय घेवा. दर्या खंय पळान जाणा नाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला जाग आली ती बायकांच्या बोलण्याने. किनाऱ्यावर रापण ओढणे चालले होते. रापण म्हणजे लांबलचक जाळे. होडीतून समुद्रात फेर धरून टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर गावकऱ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचे. येईल ती मासळी हिश्शाने वाटून घ्यायची. सहकार आपणच काढला असे आपल्याला वाटते, पण ही मंडळी तो पिढ्यान् पिढ्या करीत आली आहेत. दोराच्या शेवटाला, गुडघाभर पाण्यात, लुगड्याचा काष्टा घालून आक्का उभ्या होत्या आणि इतरांच्या बरोबरीने दोर ओढत होत्या. आमच्याकडे बघून ओरडल्या, "साहेब, आता पाय बुडलं!"

त्या दिवशी नऊ वाजता किल्ल्याला निघायचे ठरले होते. आम्ही साडेदहाला निघालो. तळ तिथेच असल्याने घाई कुणालाच नव्हती.

यंदाच्या सहलीसाठी नावे द्यायची असतील त्यांनी आपल्या गट कार्यालयात द्यावीत. वय, गुडघ्याचे दुखणे, औषधे आणि जेवणाचा प्रकार सोबत लिहावा. जागा आम्ही आधी पाहून येऊ. या वेळी बरोबर आक्कांनाही न्यायचे आहे. जागा कशी पारखायची हे आता त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळते.