लिश्टनस्टाइन : अल्प करदर, शासनव्यवस्था आणि समृद्धी

प्रास्ताविक :
कर कमी केले की प्रदेश आपोआप संपन्न होतो, असे विधान सार्वजनिक आयव्ययाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून वारंवार ऐकू येते. त्यासाठी युरोपातील चिमुकल्या राष्ट्रांचे दाखले दिले जातात. प्रस्तुत लेखात लिश्टनस्टाइनच्या संदर्भात या विधानाचा विचार केला आहे. स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया यांच्यामध्ये वसलेल्या या राष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौ. कि. मी. असून लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास आहे.

पार्श्वभूमी :
पहिल्या महायुद्धापर्यंत हा शेतीवर जगणारा गरीब मुलूख होता. युद्धानंतर ऑस्ट्रियन क्रोनचे मूल्य कोसळले आणि लोकांची बचत बुडाली. १९१९ मध्ये ऑस्ट्रियाशी असलेला सीमाशुल्क संघ संपुष्टात आला. १९२३ मध्ये स्वित्झर्लंडशी तसाच करार झाला व १९२४ मध्ये स्विस फ्रँक हे अधिकृत चलन म्हणून स्वीकारले गेले. स्थिर चलन व मोठी बाजारपेठ यांचा लाभ अशा रीतीने मिळाला. १९२६ च्या कायद्याने प्रतिष्ठाने व कंपन्यांचे अत्यंत लवचीक प्रकार निर्माण केले. केवळ मालमत्ता धारण करणाऱ्या परकीय कंपन्यांकडून नफ्यावरील कर न घेता भांडवलावर नाममात्र कर घेतला जाई.

शासन :
१९२१ च्या राज्यघटनेनुसार सत्ता राजा व जनता यांच्यात विभागलेली आहे. संसदेचे सदस्य अवघे २५. कायद्यावर जनमत मागण्याचा नागरिकांना अधिकार आहे. मात्र स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवरील मताधिकार १९८४ मध्ये मिळाला, हेही विसरता येत नाही. २००३ च्या दुरुस्तीने राजाचे अधिकार वाढले, त्याचबरोबर प्रत्येक ग्रामपालिकेस राष्ट्रातून बाहेर पडण्याचा हक्क मिळाला. सार्वभौमत्व असल्यामुळेच करविषयक कायदा स्वतः करता येतो. एखाद्या जिल्ह्याला हे शक्य नाही, ही बाब तुलना करताना बहुधा निसटते.

समृद्धीचे स्वरूप :
येथील उत्पन्न केवळ बँकांतून येते हा समज चुकीचा आहे. शान येथे १९४१ मध्ये स्थापन झालेली हिल्टी ही बांधकाम-अवजारांची कंपनी जगभर परिचित आहे. मूल्यवर्धनात उद्योगांचा वाटा सुमारे दोनपंचमांश आहे. दरडोई उत्पन्नाचा आकडा मात्र जपूनच वाचावा लागतो. निम्म्याहून अधिक कामगार दररोज शेजारी देशांतून येतात. त्यांनी निर्माण केलेले उत्पादन अंशस्थानी मोजले जाते, पण ते स्वतः छेदस्थानी नसतात. शिवाय त्यांपैकी बहुतेकांच्या शिक्षणाचा खर्च शेजारी देशांनीच उचललेला असतो.

या व्यवस्थेची किंमतही इतरांनी मोजली. येथील एका बँकेतील ग्राहकांची माहिती जर्मन गुप्तचर यंत्रणेने विकत घेतल्याचे २००८ मध्ये उघड झाले. करचुकवेगिरीच्या चौकशीमुळे जर्मन टपाल कंपनीचे प्रमुख क्लाउस झुमविंकेल यांना पद सोडावे लागले. जर्मनीत बुडणारा कर हा तेथील शाळा-रुग्णालयांचा पैसा होता. २००९ मध्ये लिश्टनस्टाइनने माहितीच्या देवाणघेवाणीचे आंतरराष्ट्रीय निकष मान्य केले. २०११ पासून कंपन्यांच्या नफ्यावर १२.५ टक्के असा एकच दर लागू झाला, तर २०२४ पासून मोठ्या बहुराष्ट्रीय समूहांसाठी किमान १५ टक्के करभार आला. गुप्ततेचा आधार गेल्यावरही उद्योग तेथेच राहिले. यावरून केवळ करदर हे कारण पुरेसे नव्हते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उसन्या चलनाचा प्रश्न मात्र उरतो. स्वतःची मध्यवर्ती बँक नसल्याने संकटकाळी अखेरचा ऋणदाता नाही. याच कारणास्तव सप्टेंबर २०२४ च्या जनमतात नागरिकांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सदस्यत्वास मान्यता दिली आणि ऑक्टोबरमध्ये हे राष्ट्र निधीचे १९१ वे सदस्य झाले.