बुंध्याशी पाणी

बँकेत असताना पैठण तालुक्यातल्या एका शाखेतून मी मोसंबीच्या बागांना बरीच कर्जे दिली. सात-बारा पाहिला, विहीर पाहिली, झाडे मोजली. बुंधा मात्र कधी वाकून पाहिला नाही. एका शेतकऱ्याने बांधावर विचारले होते, "साहेब, झाडाला डिंक कामून येतो?" "औषध मारा," असे मोघम सांगून मी जीपमध्ये बसलो. चार-पाच वर्षांत त्याची निम्मी बाग वाळली. माझ्या फायलीत 'थकबाकी' एवढाच शब्द चढला. त्याने दोन एकर विकून कर्ज फेडले.

तो डिंक्या होता, हे निवृत्तीनंतर हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रात कळले. फायटोप्थोरा ही बुरशी जमिनीत राहते, साचलेल्या पाण्यातून पसरते आणि बुंध्याची साल कुजवते. आपण आळे करतो तेही थेट बुंध्याशी. दुष्काळी मुलखातल्या माणसाला 'पाणी जास्त झाले' असे सांगायचे तरी कोणी?

म्हणून पहिला इलाज औषधाचा नाहीच. दुहेरी आळे करायचे, म्हणजे आतल्या कड्यात बुंधा कोरडा राहतो आणि पाणी बाहेरच्या कड्यातच फिरते. लागवडीच्या वेळी कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर वर ठेवायचा. रोग दिसलाच, तर कुजलेली साल खरवडून जाळायची आणि बोर्डो पेस्ट लावायची: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. लोखंडी विळा त्यात बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. हे मिश्रणही मजेशीर! फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटेवरची द्राक्षे कोणी चोरू नयेत म्हणून वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेलींवर केवडा कमी दिसला आणि मिलार्दे या प्राध्यापकाने 1885 मध्ये ते औषध म्हणून जगापुढे मांडले. सेंद्रिय शेतीतही ते चालते, पण बेताने. तांबे मातीत साठत जाते.

मुळांशी शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा द्यावी. ही बुरशीच, पण रोगट बुरशीवर जगणारी. पेस्टच्या जोडीने मात्र ती देऊ नये; मोरचूद तिलाही मारते.

गेल्या दिवाळीत त्या शेतकऱ्याकडे गेलो. उरलेल्या झाडांना मुलाने दुहेरी आळी केली आहेत, बुंधे निळसर दिसतात. म्हातारा खाटेवर बसला होता. "साहेब, हे तव्हाच सांगितलं असतं तर?"

मुलाने मोसंबी आणून दिली. मी ती सोलत राहिलो.